सूट आणि फिट : लंडनच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातील पारख

इंग्रजीत पुरुषाच्या पूर्ण पोशाखास 'सूट' म्हणतात, आणि तो अंगावर नीट बसला म्हणजे त्याचे 'फिट' चांगले आहे असे म्हणतात. मराठीत आपण पहिला शब्द जसाच्या तसा घेतला, दुसऱ्याचे 'फिटिंग' केले आणि शिंप्याच्या दुकानात दोन्ही एका दमात उच्चारू लागलो. त्यामुळे हे शब्द प्रथमपासून जोडीनेच वावरत असावेत असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. 'सूट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी 'अनुसरणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. सरदारामागून चालणारा परिवार, त्या परिवाराचा एकसारखा पोशाख, आणि त्यावरून एकाच कापडाचे, एकमेकांस अनुसरणारे कपडे अशी त्याची अर्थपरंपरा आहे. म्हणजे सुटाच्या कल्पनेत अंगाचा प्रश्न मुळात नव्हता. प्रश्न होता तो कपड्याकपड्यांतील मेळाचा. उलटपक्षी 'फिट' हे विशेषण व क्रियापद म्हणून जुने असले, तरी कपडा अंगावर बसण्याची तऱ्हा या अर्थी नाम म्हणून ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळले.

दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला सूट विकत घेणाऱ्यास या दोन्ही कसोट्या लावाव्या लागतात. पहिली कसोटी कापडाची व मेळाची, दुसरी अंगाची. या दोन कसोट्या एकाच काळी निर्माण झालेल्या नाहीत, आणि दुसरी उत्पन्न झाल्यावर पहिली नाहीशीही झाली नाही, हे लंडनच्या जुन्या कपड्यांच्या बाजाराच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शब्दांवरून इतिहास रचण्याचा मोह भाषाभ्यासकास फार असतो; त्यास आळा म्हणून शब्दांच्या जोडीस प्रत्यक्ष कपड्यांची रचनाही साक्षीस घेतली आहे.

साधनांविषयी प्रारंभीच एक अडचण नमूद करावयास हवी. ज्यांच्या हातांत ही पारख होती त्यांनी ती लिहून ठेविली नाही, आणि ज्यांनी या बाजाराविषयी लिहिले त्यांना कपड्यांची पारख नव्हती. ओल्ड बेली न्यायालयाची १६७४ ते १९१३ पर्यंतची मुद्रित कामकाजवृत्ते, हेन्री मेह्यूचे लंडनमधील श्रमिकांविषयीचे ग्रंथ, डिकन्सची आरंभीची शब्दचित्रे ही सारी बाहेरच्यांची साक्ष होय. बेव्हर्ली लेमायर व जॉन स्टाइल्स यांनी या साधनांतून जुन्या कपड्यांचा व्यापार आणि सामान्य जनांचा पेहराव यांचा इतिहास मोठ्या परिश्रमाने उभा केला आहे. आपल्यापुढील प्रश्न त्याहून मर्यादित आहे : कोट हातात घेतल्यावर घेणारा काय पाहत असे?

१६६६ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या चार्ल्स राजाने दरबारासाठी लांब 'वेस्ट' व त्यावर कोट असा पेहराव स्वीकारला. सॅम्युएल पेप्सने आपल्या दैनंदिनीत याची नोंद केली आहे. पेप्स हा शिंप्याचा मुलगा असल्यामुळे कपड्यांविषयी त्याची साक्ष विशेष विश्वसनीय. कोट, वेस्ट व विजार या त्रयीचा आरंभ येथून धरण्याचा प्रघात आहे. पुढील सव्वाशे वर्षे या त्रयीतील मोल मुख्यतः कापडात होते. शिलाईच्या मानाने कापडाची किंमत पुष्कळच अधिक असे. म्हणून जुना कोट हा तारण ठेवता येण्याजोगा, चोरता येण्याजोगा, मृत्युपत्रात नमूद करण्याजोगा ऐवज होता. धन्याच्या अंगावरून उतरलेला कोट चाकराकडे जाई, आणि चाकराकडून तो टॉवरनजीकच्या रोझमेरी लेनमधील 'रॅग फेअर' या बाजारात किंवा सेंट जाइल्सजवळच्या मन्मथ स्ट्रीटमधील दुकानांत येई. चोरीच्या खटल्यांतील वर्णने पाहिली तर त्यांत कापडाचा प्रकार, रंग, अस्तर, गुंड्या, क्वचित कलाबतू यांचे उल्लेख आढळतात. कपडा कोणाच्या अंगास येईल याची चिकित्सा अशा वर्णनांचा विषय नव्हे.

याचे एक कारण कपड्यांच्या रचनेतच आहे. अठराव्या शतकातील विजारीस पाठीमागे कमरपट्टीत बंद असत. ते आवळून वा सैल करून कंबर कमीअधिक करता येई, आणि मागचा भाग मुद्दाम ढगळ ठेवलेला असे. वेस्टच्या पाठीसही पुष्कळदा बंद असत. आपल्याकडील बाराबंदी ज्याप्रमाणे बंदांच्या योगाने थोड्या फरकाच्या अंगांना सामावून घेई, तसाच हा प्रकार होता. मापाची पद्धतही ध्यानात घेण्याजोगी आहे. गार्सोल याने १७६९ मध्ये शिंपीकामावर जो फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील शिंपी आकड्यांनी माप घेत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक पट्टी घेऊन तीवर छाती, पाठ, बाही यांच्या खुणा कापून ठेवितो. माप हे त्या गृहस्थाचे असे. त्यास संख्या नसे. एकाचे माप दुसऱ्याच्या मापाशी ताडून पाहण्यास सामान्य परिमाणच नसल्यामुळे 'या कोटाचे माप काय' हा आज जुन्या बाजारात प्रथम विचारला जाणारा प्रश्न त्या काळी विचारण्यास सोयच नव्हती.

१७९० ते १८२० या तीस वर्षांत चित्र पालटले. रेशीम व जर मागे पडून लोकरी कापड पुढे आले. लोकरीचा गुण असा की वाफ व इस्त्री यांच्या साहाय्याने ती ताणता येते, आकसता येते, शरीराच्या वळणाप्रमाणे घडविता येते. बो ब्रमेल (१७७८-१८४०) याचे नाव ज्या साध्या निळ्या कोटाशी निगडित आहे, त्याची सारी प्रतिष्ठा काटेकोर बेतण्यात होती, कापडाच्या झगमगाटात नव्हे. याच सुमारास इंचांच्या खुणा असलेली फीत शिंप्याच्या गळ्यात आली. सद्गृहस्थाची ओळख आता कोटाच्या किमतीवरून होईना. कोट अंगावर कसा बसतो यावरून होऊ लागली. कोट अशा रीतीने एका माणसाचा झाला, आणि त्याच क्षणी तो दुसऱ्या माणसास दुष्कर झाला. जुन्या बाजारातील पारखेचा खरा इतिहास येथून सुरू होतो.

या बाजाराची परिभाषा पाहण्यासारखी आहे. जुना कोट डिंक, रंग इत्यादिकांनी तकतकीत करणारा तो 'क्लॉबरर'. उडालेला रंग पुन्हा चढविणारे द्रव्य ते 'रिव्हायव्हर'. आणि जुन्या जोड्यांचे भाग घेऊन नवा जोडा सांधणारा तो 'ट्रान्स्लेटर'. भाषांतरकाराचे हे व्यवसायबंधू आमच्या विभागातील पुष्कळांना परके वाटणार नाहीत. कोट शिवण्यापलीकडे गेला की त्याच्या चिंध्या यॉर्कशायरमध्ये जात. बॅटली येथील बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास चिंध्या पिंजून त्यांपासून पुन्हा सूत काढण्याची रीत बसविली. त्या मालास 'शॉडी' हे नाव पडले. घट्ट विणीच्या कापडाच्या कातरणीपासून निघणारा तो 'मंगो'. 'मंगो' या शब्दाची व्युत्पत्ती म्हणून यॉर्कशायरच्या बोलीतील 'हे चाललेच पाहिजे' अशा अर्थाच्या उद्गाराची एक गोष्ट सांगण्यात येते. ती गोष्ट म्हणून चांगली आहे, एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल. 'शॉडी' हे १८३० च्या आसपास मालाचे निव्वळ नाव होते. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) ठेकेदारांनी सैनिकांना असल्या कापडाचे गणवेश पुरविल्यावर ते 'दिखाऊ व निकृष्ट' या अर्थी विशेषण झाले, आणि आज इंग्रजी बोलणाऱ्यास त्याचा लोकरीशी काही संबंध असल्याचे आठवतही नाही.

हा अर्थापकर्ष केवळ शब्दाचा नव्हे. जुन्या कपड्यांच्या धंद्यात ज्यू लोक मोठ्या संख्येने होते, कारण १८३० पर्यंत लंडन सिटीचे नागरिकत्वाचे हक्क त्यांना मिळत नसत आणि त्यावाचून तेथे किरकोळ विक्रीचे दुकान उघडता येत नसे. रस्त्यावरील व्यापाराकडे त्यांना लोटण्यात आले, आणि मग त्या व्यापारातील कौशल्यास लबाडी म्हणण्यात आले. कोट तकतकीत करणे ही फसवणूक असेलही. परंतु तकतकीत केलेला कोट ओळखणे हे ज्ञान होते, आणि ते त्याच माणसांपाशी होते. मेह्यूसारखा सहृदय निरीक्षकसुद्धा पहिल्याचे वर्णन विस्ताराने करितो, दुसऱ्यास ओझरता स्पर्श करून पुढे जातो.

मेह्यूच्या ग्रंथातील एक व्यवहार मराठी वाचकास फार जवळचा वाटेल. चिनी मातीची व काचेची भांडी टोपलीत घेऊन दारोदार हिंडणारे फेरीवाले पैशाऐवजी जुने कपडे घेत. कोटास साखरेचे भांडे, आणि कोटविजार, टोपी व बूट असा सगळा सरंजाम सुस्थितीत असेल तर चहाचा पुरा संच, असे साधारण भाव होते. आपल्याकडील बोहारणीचा हाच व्यवहार. भांड्यांची टोपली उतरवून ती प्रथम विजार उजेडाकडे धरते, बूड व गुडघे पाहते, कोटाची बगल पाहते, आणि मगच पातेल्यावर हात ठेवते. दोन्ही ठिकाणी देणाऱ्या गृहिणीस आपल्या जुनेराची किंमत ठाऊक नसते, आणि घेणाऱ्यास ती नेमकी ठाऊक असते. हे देवघेवीचे साम्य स्वतंत्रपणे उद्भवलेले आहे. एकाने दुसऱ्याकडून काही घेतले असे मानण्यास आधार नाही.

डिकन्सने १८३६ मध्ये मन्मथ स्ट्रीटवर एक शब्दचित्र लिहिले. दुकानाबाहेर टांगलेले काही सूट एकाच माणसाच्या आयुष्यातील निरनिराळ्या वयांचे आहेत अशी कल्पना करून तो त्या माणसाचा उदय व अधःपात त्यांवरून वाचतो. साहित्य म्हणून ते सरस आहे. पण व्यापाऱ्याची दृष्टी याच्या नेमकी उलट असते. हा कोणी घातला होता, असे डिकन्स विचारतो; हा आता कोण घालील, असे व्यापारी विचारतो. व्यापाऱ्यासही पहिल्या धन्याचे शरीर वाचावे लागते, परंतु ते त्या शरीरापासून कोट कितपत सोडविता येईल हे ठरविण्यासाठी.

हे सोडविणे कोठे शक्य व कोठे अशक्य, हाच पारखेचा गाभा होय. शिंप्याच्या दृष्टीने कोटाचे सर्व भाग सारखे नसतात. बाहीची लांबी, कंबरेचा घेर, विजारीची उंची ही बदलता येतात. खांदा, मुंढा आणि गळपट्टीमागचा तोल ही सहसा बदलता येत नाहीत. बदलावयाची झाल्यास कोट जवळजवळ पुन्हा शिवावा लागतो. म्हणून जाणता माणूस कोट अंगात घालून प्रथम आरशात पोट पाहत नाही. खांद्याची शिवण पाहतो, आणि दुसऱ्यास पाठ पाहावयास सांगतो. पाठीवर गळपट्टीच्या खाली आडवी वळी पडत असेल, तर कोट बहुधा वाकून चालणाऱ्या माणसासाठी बेतलेला असून आता ताठ माणसाच्या अंगावर आला आहे. गळपट्टी मानेपासून सुटून मागे उभी राहत असेल, तर बहुधा याच्या उलट. बाहीवर पीळ पडत असेल, तर पहिल्या धन्याचे हात अंगासरसे लोंबण्याची ढब निराळी होती. उत्तम शिंप्याने एका माणसासाठी शिवलेल्या कोटात हे दोष अधिक तीव्र दिसतात, कारण तो कोट त्या माणसाशी अधिक एकनिष्ठ असतो. तयार कोट कोणाचाच नसल्यामुळे अनेकांना चालतो. बाहीच्या टोकाशी खरी, उघडणारी काजे असणे हे अशा मापाच्या शिलाईचे मानचिन्ह समजले जाते. परंतु काजे कापलेली असल्यामुळेच ती बाही टोकाकडून आखूड करता येत नाही. पहिल्या धन्याच्या प्रतिष्ठेची खूण दुसऱ्याच्या मार्गातील धोंड ठरते.

शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्यास आपले शिंपी 'माया' म्हणतात. इंग्रजी शिंपीकामात त्यास जो शब्द आहे त्याचा अर्थ 'आत घातलेले' एवढाच. मराठी शब्द अधिक अर्थपूर्ण आहे, यात मला शंका वाटत नाही : माया ही पुढे वाढणाऱ्या अंगासाठी राखलेली असते. जुना सूट घेताना अस्तर किंचित उचलून माया किती आहे हे पाहणे अगत्याचे. मायेचा दुसराही उपयोग आहे. तीवर ऊन पडलेले नसते, त्यामुळे कापडाचा मूळ रंग तेथेच दिसतो. बाहेरचा व आतला रंग यांत फार अंतर असेल, तर शिवण उसवून माया सोडण्यात अर्थ नाही, कारण सोडलेल्या भागाची गडद रेघ कायमची दिसत राहील. अर्थात माया असूनही ती निरुपयोगी असू शकते.

पहिली, म्हणजे कापडाची व मेळाची कसोटी येथे पुन्हा पुढे येते. विजार कोटाच्या आधी झिजते. त्यामुळे जुन्या बाजारात सुटाची फाटाफूट नेहमीची असते, आणि दुकानदार जवळच्या रंगाची विजार जोडून 'सूट' बनवितो. दिव्याखाली रंग जुळतात. उन्हात जुळत नाहीत. रेघांमधील अंतर, विणीची दिशा आणि दोन्ही कपड्यांवरील झीज परस्परांशी सुसंगत आहे किंवा नाही, हे पाहणे म्हणजे सुटाच्या मूळ धात्वर्थाचीच तपासणी होय. याहून सूक्ष्म प्रकार उलटविलेल्या कोटाचा. कापड बाहेरून झिजले म्हणजे सगळ्या शिवणी उसवून आतली बाजू बाहेर काढीत व कोट पुन्हा शिवीत. असा कोट नवा दिसतो. परंतु उलटताना डावी बाजू उजवी होते, आणि छातीवरचा खिसा उजवीकडे जातो. जुन्या काजांच्या जागी रफू केलेले असते. उजव्या छातीवर खिसा असलेला पुरुषाचा कोट दिसल्यास अनुभवी मनुष्य अधिक प्रश्न विचारीत नाही. 'टर्नकोट' हा पक्षबदलूस लावला जाणारा शब्द मात्र या काटकसरीच्या उद्योगातून आलेला नाही. तो निष्ठेचे चिन्ह असलेला पोशाख बदलण्यावरून आला आहे.

आतापर्यंत अंगाचा विचार झाला. परंतु 'नीट बसणे' याची व्याख्याही काळाप्रमाणे बदलते, आणि येथे पुष्कळ जाणते चकतात. मूळचा डच असलेला लंडनचा शिंपी फ्रेडरिक शोल्टे हा वेल्सच्या युवराजाचे (म्हणजे पुढील ड्यूक ऑफ विंडसरचे) कोट शिवीत असे. त्याने छातीवर व पाठीवर, मुंढ्यालगत, मुद्दाम जादा कापड ठेवण्याची पद्धत रूढ केली. १९३० नंतरच्या दशकातील अशा कोटास मुंढ्याजवळ उभ्या सैल वळ्या पडतात. त्या दोष नव्हेत, हेतू होय. नंतरच्या काळातील तंग कोटांवर ज्याची नजर बसली आहे तो असा कोट 'मोठा होतो' म्हणून खाली ठेवील. त्या काळच्या विजारीचेही तेच. ती बेंबीच्या उंचीवर, पट्ट्याऐवजी खांद्यावरील गॅलिसांनी तोलून धरण्यासाठी बेतलेली असे. ती आजच्याप्रमाणे कंबरेखाली नेसली की लांब, रुंद व बेढब दिसते. अशा वेळी दोष विजारीचा नसून ती नेसणाऱ्याचा असतो.

काळ ओळखण्याच्या दृष्टीने दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सूट हे उत्कृष्ट उदाहरण होय. १ जून १९४१ रोजी कपड्यांचे नियंत्रण सुरू झाले. पहिल्या वर्षी दरमाणशी ६६ कूपने मिळाली. कोटास १३, वेस्टला ५ व विजारीस ८ मिळून पुऱ्या सुटाची २६ होत. म्हणजे एका सुटात वर्षाच्या कूपनांपैकी तृतीयांशाहून अधिक संपत. जुन्या कपड्यांना कूपन लागत नसल्यामुळे ज्या सभ्य घरांनी पूर्वी जुन्या बाजाराकडे ढुंकून पाहिले नव्हते, त्यांनाही आता ही विद्या शिकावी लागली. १९४२ मध्ये काटकसरीचे आणखी नियम आले : दुहेरी छातीचे कोट बंद, विजारीच्या पायाची उलटी दुमड बंद, खिशांच्या व गुंड्यांच्या संख्येवर मर्यादा. हे निर्बंध १९४४ च्या आरंभी उठले. नियंत्रण मात्र १९४९ पर्यंत टिकले. यावरून, दुमड नसलेली विजार १९४२-४४ ची, असे अनुमान सुचते. ते सावधपणे करावे. पुष्कळ लोक मुद्दाम लांब विजार विकत घेत व घरी दुमड घालून घेत, आणि सरकारी नियमाची ही पळवाट आज त्या दुमडीच्या ओबडधोबड टाक्यांत वाचता येते. युद्ध संपल्यावर सैन्यातून मोकळे होणाऱ्यांना सरकारने एकेक सूट दिला. लक्षावधी शरीरे ठरावीक मापांत बसविण्याचा तो प्रचंड प्रयोग होता. कित्येकांनी आपला सूट वाटपकेंद्राच्या दारातच काळ्या बाजारवाल्यास विकून टाकला.

पुढील काळाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, कोटाच्या छातीत पूर्वी घोड्याच्या केसांचे व तागाचे जाड कापड हाताने टाचीत. १९५० नंतर ते उष्णतेने चिकटविण्याची रीत पसरली. चिकटविलेला थर धुलाईने सुटून कापडावर फुगवटे येतात, त्यांस उपाय नाही. चिमटीत धरून थर वेगळे जाणवतात का हे पाहणे, ही बाजारात नव्याने आलेली परीक्षा होय.

या पारखेतून निर्माण झालेली एक संस्था उल्लेखनीय आहे. मोझेस मॉस याने १८५१ मध्ये लंडनच्या कव्हेंट गार्डनमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान काढले. त्याच्या वंशजांनी १८९७ पासून तेथे समारंभाचे सूट भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि मॉस ब्रदर्स हे नाव त्या धंद्याशी एकरूप झाले. समोर उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थाच्या अंगास दुसऱ्यासाठी शिवलेल्या शेकडो कपड्यांपैकी कोणता येईल, हे एका नजरेत ठरविणे ही जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याची विद्या. भाड्याच्या धंद्यास भांडवल म्हणून तीच पुरली. ज्या उच्चभ्रू समाजाने या विद्येस हिणविले, तो समाज पुढे लग्नाकार्याच्या दिवशी तिच्याच भरवशावर चर्चमध्ये उभा राहिला.

या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत येतो. बॅटलीचा शॉडीचा उद्योग ओसरल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पानिपत हे त्या धंद्याचे मोठे केंद्र झाले. पाश्चात्त्य देशांतून येणारे लोकरी कोट व सूट तेथे कच्चा माल म्हणून येत. देशातील वस्त्रोद्योगास धक्का बसू नये म्हणून असे कपडे अंगात घालता येऊ नयेत अशा रीतीने आधीच फाडलेले असावेत, अशी आयातीची अट होती. ल्यूसी नॉरिस यांनी भारतातील जुन्या कपड्यांवरील आपल्या २०१० च्या ग्रंथात या व्यवहाराचे प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले वर्णन केले आहे. येथे आलेल्या सुटाचा खांदा, मुंढा, तोल, माया यांकडे कोणी पाहत नाही. गुंड्या व अस्तर काढून टाकतात, आणि उरलेले कापड रंगांप्रमाणे निवडून ढीग लावतात : काळ्यात काळे, निळ्यात निळे, करड्यात करडे. मापाने शिवलेल्या काही इंग्रजी कोटांच्या आतील खिशात शिंप्याची एक चिठ्ठी शिवलेली असते, तीवर गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख हाताने लिहिलेली असते. अस्तराबरोबर तीही निघून जाते.